तापस, एक

घड्याळजींना चार इंचांवरचं जग इतकं स्वच्छ दिसे की मुंगीला शिंक आली असती तरी त्यांना कळलं असतं. चार इंचांच्या पलीकडे मात्र सगळा आनंदच होता. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून ते जिन्याखालच्या अरुंद दुकानात बसले होते आणि चष्म्याचा नंबर आता अशा ठिकाणी पोचला होता की पुढे जायला त्याला वाटच उरली नव्हती. रस्त्यापलीकडून कोणी हात केल्यासारखं वाटलं की ते आधी हात करत आणि माणूस जवळ आल्यावर कोण ते बघत. दोनदा त्यांनी विजेच्या खांबालाही हात केला होता, पण खांबाने त्याचा बोभाटा केला नाही.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, आठवड्यातून एकदा तरी लांबचं आणि हिरवं काहीतरी बघत जा. वस्तीच्या टोकाला जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यांत पाणी साठून मोठी पाणथळ झाली होती. तिथे मोठ्या माणसांसाठी दर रविवारी सकाळी वर्ग भरायचा. पाण्याकाठचे पक्षी, किडे, झाडपाला ओळखायला शिकायचं, चोवीस आठवडे. परीक्षा पास होणाऱ्याला एक कागद मिळायचा आणि फाटकाची किल्ली. बाकीच्यांना वर्ग संपला की फाटक बंद.

घड्याळजींनी नाव घातलं तेव्हा त्यांची बायको हसली. ती निवृत्त नर्स, त्यामुळे कोणाचं दुखणं किती दिवसांचं याचा तिला अंदाज होता. बासरी तीन आठवडे, पोहणं दोन, चित्रकला दीड, असा पूर्वीचा सगळा हिशोब तिने बोटांवर मांडून दाखवला. मग पैज लागली. घड्याळजी किल्ली घेऊन घरी आले, तर त्यांचे चिखलाचे गमबूट ती स्वतःच्या हाताने धुणार. नाही आले, तर दर रविवारी त्यांनी मेहुणीकडे जायचं आणि साडूच्या आजारपणांची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. साडूला एकूण अकरा आजार होते आणि प्रत्येकाला पूर्वपीठिका होती.

वर्ग घ्यायच्या हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. लाकडी पुलावर सगळ्यांना रांगेत उभं करून त्या काठी रोखत आणि विचारत, "दिसला?" बेकरीवाल्याकडे लहान मुलाच्या वजनाची दुर्बीण होती. तो लगेच म्हणे, दिसला. लाँड्रीवाल्या दोघी बहिणी म्हणत, दिसला. आणि हिरव्या-राखाडी लापशीकडे बघत घड्याळजीही मान डोलावून म्हणत, "हो हो, काय सुंदर." टिबुकली, खंड्या, पाणकोंबडी, सगळ्यांचं त्यांनी न बघता कौतुक केलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण सवय लागायला वेळही लागला नाही.

पाचव्या रविवारी त्यांची टोपी पुलावरून पडली. ती काढायला ते काठावर गुडघ्यांवर बसले आणि नाकासमोरच्या पाण्यात त्यांना काडीचा एक तुकडा स्वतःच्या पायांनी चालत जाताना दिसला. खिशात भिंग होतंच. ते डोळ्याला लावलं तर काडी कसली, वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली नळी, आणि त्या नळीतून डोकं बाहेर काढून चाललेली अळी. एकही कण वाकडा नव्हता. घड्याळजींनी जन्मभर बारीक काम केलं होतं आणि कोणाच्या कामाचा हेवा करायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. त्या दिवशी आली. पुलावर सगळे कुठल्याशा घारीसाठी माना वर करून उभे होते, आणि खाली घड्याळजी चिखलात बसून एका अळीवर जळत होते.

तेव्हापासून त्यांचा रविवार पाण्याच्या कडेलाच जाऊ लागला. पाण्यावर घसरणारी पाणनिवळी, जळवा, गोगलगाईंची पारदर्शक अंडी, चतुराची काठावर सोडलेली कात. दुकानात मागच्या भिंतीवर चौदा घड्याळं चौदा वेळा दाखवत आणि घड्याळजी त्यांच्याकडे पाठ करून वहीत अळ्या काढत. इतकं वेड त्यांना आयुष्यात फक्त एकदा लागलं होतं, आणि तिच्याशीच त्यांनी लग्न केलं होतं. किल्ली त्यांना आता पैजेसाठी नको होती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर इथे येऊन बसता यावं, एवढ्यासाठी हवी होती.

या पाणथळीचं भूषण मात्र अळी नव्हती. ते होतं तापस. तापस म्हणजे पाणकणसाच्या उंच गवतात राहणारा तपकिरी बगळा. धोका वाटला की चोच आकाशाकडे करून असा गप्प उभा राहतो की बघणाऱ्याला तो वाळकं पान वाटावा. फार लाजाळू, क्वचितच दिसतो. इथला मात्र अकरा वर्षांपूर्वी आला तो गेलाच नाही. हेडबाईंनीच तो शोधला होता, फाटकावरच्या पाटीवर त्याचं चित्र होतं, आणि तो बुजू नये म्हणून पाणकणसाच्या चाळीस पावलं अलीकडे दोरी बांधली होती. दर रविवारच्या नोंदवहीत पहिली ओळ त्याची: "तापस, एक." कधी पुढे शेरा असे. "आज मान ताठ." "उन्हामुळे स्थिर." पावसाळ्यात पाणी चढलं की "खाली बसलेला", उन्हाळ्यात उतरलं की "उंच वाटला".

परीक्षेचा नियम सोपा होता. आठ ते दहा या वेळात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेले दहा जीव लिहायचे, कुठे आणि कशावरून ओळखले त्यासकट. घड्याळजींनी हिशोब केला. कडेचे नऊ त्यांना हमखास सापडत. दहावा काही केल्या जमेना. मग त्यांच्या डोक्यात एक लबाडी शिजली. बाकीचे पक्षी मेले जागा बदलतात, पण तापस अकरा वर्षं जागचा हललेला नाही. एकदा गुपचूप जवळ जाऊन त्याला चार इंचांवरून नाही तरी चार पावलांवरून बघून ठेवायचं, आणि परीक्षेत ते लिहायचं. बघितलेलं तर बघितलेलंच असणार, फक्त मंगळवारी.

पहारेकऱ्याचं घड्याळ त्यांनी दोनदा दुरुस्त करून दिलं होतं, तेव्हा मंगळवारी पहाटे त्याने फाटकाकडे पाठ केली. घड्याळजी दोरीखालून वाकून गेले. श्वास रोखून, एक-एक पाऊल चिखलात मुरवत ते पाणकणसात शिरले. तापस तसाच उभा. दहा पावलं उरली, तापस उभा. चार उरली, तरी उभा. घड्याळजींना त्याच्या धीराचं कौतुक वाटलं. शेवटचं पाऊल टाकून नाक पुढे केलं तेव्हा त्यांना त्याच्या अंगावर शिवण दिसली.

ती छत्री होती. मिटलेली, रंग उडून तपकिरी झालेली, मूठ चिखलात आणि टोक आकाशाकडे.

पुढचे पाच दिवस घड्याळजींच्या पोटात ती छत्री उघडी होती. खरं सांगावं तर हेडबाईंची अकरा वर्षांची अब्रू चिखलात. शिवाय छत्री काही जीव नव्हे, म्हणजे यादी नऊवर अडणार, किल्ली गेली आणि साडूचे अकरा आजार आले. गप्प बसून "तापस, एक" लिहावं तर सगळं सुरळीत. आजवर न दिसलेले शंभर पक्षी दिसले म्हणून सांगितले होते, त्यात आणखी एक. पण ते शंभर त्यांना दिसले नव्हते, आणि ही छत्री दिसली होती. अडचण तिथेच होती. त्यांनी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, पेशंटला खोटा ताप लिहून मी कधी घरी आले नाही, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

रविवारी परीक्षा झाली. पावणेदहाला घड्याळजींनी कागद दिला. हेडबाई बाकावर बसून, कागद नाकाला टेकवल्यासारखा धरून वाचू लागल्या. एक ते नऊ वाचताना त्यांचा चेहरा खुलत गेला. दहाव्या ओळीवर त्या थांबल्या. तिथे लिहिलं होतं: "छत्री, एक. पाणकणसात, तापसाच्या जागी. शिवणीवरून ओळखली."

हेडबाई उठल्या. गमबूट चढवले, दोरी ओलांडली आणि घड्याळजींना मागे यायची खूण केली. पुलावर बेकरीवाल्याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि तिथेच ठेवली.

छत्री बाहेर यायला दोघांचा जोर लागला. हेडबाईंनी मुठीवरचा चिखल पुसला. मुठीच्या फितीला निळ्या दोऱ्याचे टाके होते.

"ही माझी," त्या म्हणाल्या. "हे टाके माझ्या हातचे."

पूल नवा झाला त्या आठवड्यात ती हरवली होती. त्याच आठवड्यात तापस आला होता. छत्री जावेने ढापली असं हेडबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं आणि जावेशी अकरा वर्षं अबोला धरला होता. आता तिला फोन करावा लागणार, हे त्या इतक्या वैतागून म्हणाल्या की घड्याळजींना तापसापेक्षा जावेचंच प्रकरण जड वाटलं.

मग घड्याळजींनी मनातलं ओकून टाकलं. चोवीस आठवड्यांत आपल्याला लांबचं काही, म्हणजे काहीही दिसलेलं नाही, नुसतं हो हो म्हणत होतो, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. हेडबाईंनी छत्रीचं टोक पुन्हा आकाशाकडे धरून बघितलं.

"पहिली सात वर्षं मी चाळीस पावलांवरून फसले, मग चार वर्षांपूर्वी मोतीबिंदू सुरू झाले," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही सगळे दिसला म्हणायचात, म्हणून मी लिहायचे."

"आणि तुम्ही लिहायचात म्हणून आम्हाला दिसायचा."

दोघं चिखलात उभे राहून हसले. हेडबाईंचे डोळे हसता हसता भरून आले, आणि घड्याळजींना त्यांची दया आली नाही, मायाच वाटली. त्यांनी उगाच छत्रीत लक्ष घातलं. आणि मुठीजवळच्या, सतत पाण्यात राहिलेल्या कापडावर त्यांना हिरवट साय धरल्यासारखं काही दिसलं. भिंग लावलं. शेवाळ नव्हतं. सगळीकडे बारीक भोकं होती, नीट पाडल्यासारखी. असलं त्यांच्या वहीत नव्हतं. त्यांनी छत्री पुढे केली. हेडबाईंनी आधी बोट फिरवलं, मग वास घेतला, मग घड्याळजींचं भिंग मागून घेऊन बराच वेळ बघितलं.

"स्पंज आहे," त्या म्हणाल्या. "गोड्या पाण्यातला. जिवंत. बारा वर्षं मी इथे याला शोधतेय."

"म्हणजे जीव?"

"जीव म्हणजे काय, चांगला प्राणी आहे."

कागदावरची दहावी ओळ बदलायला घड्याळजींनी खिशातून पेन्सिल काढली. पुलावरून बेकरीवाला ओरडला की दहा वाजून तीन मिनिटं झाली, वेळ संपली. त्याच्या स्वतःच्या यादीत पहिला तापसच होता, त्यामुळे आज त्याला कोणाचंच भलं बघवत नव्हतं. घड्याळजींनी मनगट डोळ्यांपाशी नेलं आणि शांतपणे सांगितलं की त्यांच्या घड्याळात दहाला तीन मिनिटं कमी आहेत. आता वेळेच्या बाबतीत बेकरीवाल्याने घड्याळजींशी काय वाद घालायचा. त्याने हेडबाईंकडे बघितलं. हेडबाईंनी स्वतःचं घड्याळ कानाला लावलं.

"माझंही पुढे गेलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "उद्या दुरुस्तीला आणून देते."

छत्री जशीच्या तशी, त्याच भोकात, परत रोवली. नोंदवही काढून हेडबाईंनी अकरा वर्षांच्या सगळ्या पानांवरचा तापस लाल पेन्सिलीने स्वतः खोडला. त्याला पाऊण तास लागला आणि तोवर त्यांनी कोणालाही घरी जाऊ दिलं नाही. बेकरीवाल्याला पुढच्या रविवारी परत बोलावलं. शेवटी त्या दिवसाच्या पानावर पहिली ओळ लिहिली: "छत्री, एक. वर स्पंज."

दुपारी घड्याळजींनी किल्ली स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. बायकोने ती उलटसुलट करून बघितली, मग मुकाट्याने बाही वर सारून मोरीत गमबूट धुवायला बसली. घड्याळजी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि झालेलं सगळं रंगवून सांगू लागले. दहाला तीन कमीचा भाग आला तेव्हा तिचा ब्रश थांबला. ओल्या हाताने तिने त्यांचं मनगट धरून जवळ ओढलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. घरातलं तेवढं एकच घड्याळ अचूक असे.

"अहो, हे सहा मिनिटं मागे आहे."

घड्याळजींनी मनगट चार इंचांवर आणून नीट बघितलं.

"हो हो," ते म्हणाले. "दिसतंय खरं."