बाबांच्या शेजारचा खिळा

तरुणपणी मी एकाच नाटकात काम केलं. त्याचं पोस्टर परवा माळ्यावर सापडलं. पगडीतला माझा चेहरा त्यावर एवढा मोठा, की कधी न पडलेल्या टाळ्याही मला ऐकू आल्या. लगेच फ्रेम करून आणलं आणि हॉलमधल्या मोकळ्या खिळ्यावर टांगलं. तो खिळा बाबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी आहे, हे कौतुकाच्या भरात लक्षातच आलं नाही.

सकाळी नवा सिलिंडरवाला आला. त्यानं बाबांना नमस्कार केला, मग पोस्टरला. मलाच हळू आवाजात विचारलं, "हे कधी गेले, काका?"

"गेलेत कुठले! तुमच्यासमोर उभे आहेत," आतून बायको म्हणाली आणि खो खो हसली.

मीही हसलो, पण हसता हसता नजर बाबांच्या हाराकडे गेली. भिंतीवर जायला माणसाला एक खिळा पुरतो, आणि तो आपल्याच घरात आधीपासून ठोकलेला असतो.

दुपारी झोपून उठलो, तर पोस्टर समोरच्या भिंतीवर.

"अहो, तिथं उजेड नव्हता," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली.

खिडकी त्या खिळ्याला लागूनच आहे. तरी मी पोस्टर तिथंच थोडं सरळ केलं.