धूर दिलेले बीळ

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी दवनीवाड्याकडे धाकट्या भावाच्या घरी राहायला आले. तेव्हापासून सकाळचे फिरणे नहरीच्या बांधावरून होते. कालव्याला आमच्याकडे नहर म्हणतात. उन्हाळी धानासाठी पाणी सोडण्याआधी, फाल्गुनात, ती जवळजवळ कोरडी असते. वळणांवरच्या खोलगट जागी तेवढे पाणी उरते आणि त्यात मासे अडकून पडतात. प्राणी पाहायचे असतील तर हाच काळ निवडावा. पळस फुललेला असतो, पण त्याच्याकडे पाहत चालू नये. नजर चिखलावर ठेवावी. टिटवीचा पाय तीन बोटांचा, मुंगसाचा लहान आणि नखे उमटलेला. पाणमांजराचा ठसा गोल असतो, त्यात पाच बोटे असतात आणि चिखल मऊ असेल तर बोटांमधले पडदेही दिसतात. जवळपास खवल्यांनी भरलेली, माशाचा उग्र वास येणारी विष्ठा सापडली, म्हणजे शंका उरत नाही.

यंदा ती सापडली. दोन दिवसांनी प्राणीही दिसला. एका मोठ्या कहूच्या झाडाखाली मादी पाण्यातून वर आली, तोंडात मासा धरून मुळांमधल्या बिळात शिरली आणि आतून बारीक, चिरकी शीळ ऐकू आली. एकापेक्षा अधिक आवाज होते. त्यानंतर मी रोज समोरच्या काठावर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसू लागले. पिल्ले एकदाच बिळाच्या तोंडाशी आली. त्यांना धड चालताही येत नव्हते.

आता नहरीची रीत सांगायला हवी. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, नहरीच्या अगदी टोकाला आहेत. वरच्या अंगाला एक जरी बीळ उघडे राहिले, तरी पाणी तिथूनच झिरपून जाते आणि टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पाणी सुटण्याआधी टोकाचे शेतकरीच सगळा बांध चालून बिळे बुजवतात. वरच्या लोकांना त्याची गरज पडत नाही. पण बुजवण्याआधी ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, धूर द्यायचा, बाजूला होऊन वाट पाहायची, आत जे असेल त्याला निघून जाऊ द्यायचे आणि मगच तणीस व माती ठासायची. कोणाला जिवंत गाडायचे नाही, हा नियम. वडीलही तो पाळत. शाळेत शिकवत असताना मी मुलांना चांगल्या चालीरीतीचे उदाहरण म्हणून हेच सांगत असे.

"कहूखालच्या बिळात पिल्लं आहेत," मी भावाला सांगितले.

"होय काय? मंग धूर जास्त वेळ देऊ."

"धुराने उंदीर निघतो, घोरपड निघते. ही चालू शकत नाहीत. चार दिवस थांब. मी रोज बिळाजवळ थोडी खुडबुड करते, म्हणजे आई त्यांना आपणहून दुसरीकडे हलवील."

"चार दिवस मले कायले मागतेस, बाई? पान्याले माग. उद्या गेट उघडून राहिले."

चुलीपुढून भावजय म्हणाली, "बाईची शाळा सुटली, पन मास्तरकी नाई सुटली. आता पानमांजराची हजेरी घ्या म्हना."

भाऊ हसला, पण माझा चेहरा पाहून गंभीर झाला. "माय निंघाल्याबिगर बुजवनार नाई. शब्द देतो तुले."

दुसऱ्या दिवशी मला डोळे तपासायला गोंदियाला जावे लागले. तारीख आधीच ठरलेली होती आणि त्याने शब्द दिला होता. ऊन उतरल्यावर परतले, तेव्हा तो कोपरापर्यंत चिखलाने माखलेला, समाधानाने ओसरीवर बसला होता.

"निंघाली, बाई! तोंडात पिल्लू धरून, घरच्या मांजरीवानी. आमी सारे बाजूले उभे होतो. कोनी खडा बी नाई मारला. ती लव्हाळ्यात गेली, मंगच बुजवलं."

"एकच पिल्लू?"

"तोंड किती असते तिले?" असे म्हणून तो हसला, आणि ते हसू मध्येच थांबले.

आम्ही दोघेही तसेच निघालो. पाणी आले होते. कहूच्या मुळांपर्यंत चढले होते. बुजवलेल्या जागेवर मादी होती. पुढच्या पायांनी ओली माती उकरत होती, थांबून कान देत होती, पुन्हा उकरत होती. आम्हाला पाहून तिने पाण्यात बुडी मारली. माती बरीच निघाली होती आणि बांधाच्या बाहेरच्या उतारावर पाणी पाझरू लागले होते.

"फोड ते," मी म्हणाले.

"आता फोडलं तर बांध जाईल, बाई. साऱ्यायचं धान जाईल."

त्याचे म्हणणे बरोबर होते. बांधाचे शास्त्र मलाही कळते. सदरा काढून तो पाण्यात उतरला आणि त्याने ती जागा पुन्हा ठासून बसवली. माझ्याकडे पाठ करून तो बराच वेळ माती थापत राहिला. थापायची गरज संपल्यावरही.

आमच्या बांध्यांना यंदा पाणी पुरले. घरातले सगळे त्याबद्दल मोठ्याने बोलतात, तो बोलत नाही. मी फिरून आले की ओसरीवरूनच विचारायचा, "आली होती काय?" मादी रोज येत होती. मी तसे सांगत होते. खरे सांगण्याची मला आयुष्यभराची सवय. तो मान खाली घालून बैलांकडे जायचा.

मग एका सकाळी ती दिसली नाही. ठसे जुने होते, कडा सुकून फुटलेल्या. मी समोरच्या काठावर ऊन चढेपर्यंत बसले, लव्हाळ्यातही पाहिले. ती गेली होती. परतले तेव्हा भाऊ दारातच उभा होता.

"आज आली होती काय, बाई?"

"आली होती," मी म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.