माठाच्या पाण्यात बुडवलेली तार

लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. माझे वडील बदली होऊन तिथल्या एका कचेरीत कारकून झाले होते. मी नांदेडला एका महाविद्यालयात पीएच.डी. करत होते. आमच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळं घरच्यांना माझ्या विषयाचं नाव उच्चारता येत नसलं तरी अभिमान लई होता.

विषय होता गॅडोलिनियम या दुर्मिळ धातूच्या एका चुंबकीय संयुगाचा. त्याची गोळी हळूहळू तापवायची आणि तिच्यातून वीज किती अडते ते मोजायचं. एका ठराविक तापमानाला गोळीचं चुंबकत्व जातं आणि आलेखाची रेघ तिथं वाकते. ती जागा शोधणं हेच माझं काम.

तापमान मोजायला दोन धातूंच्या जोडलेल्या तारा असत. त्यांचं एक टोक गोळीला चिकटवायचं, दुसरं वितळत्या बर्फात ठेवायचं. बर्फाचं तापमान बदलत नाही, म्हणून हिशोब चुकत नाही. बर्फ रोज प्रयोगशाळेतले शिपाई मामा बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात गुंडाळून आणत.

एप्रिलमध्ये मामा रिकामं पोतं घेऊन परत आले. "ताई, बरफ न्हाई. कारखान्याला पाणीच न्हाई. जो निघतो तो दवाखान्यापुरता."

शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. मी बर्फाऐवजी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या माठात तारेचं टोक बुडवलं. पाण्याचं तापमान सकाळी एकदा पाहिलं. दर अर्ध्या तासाला पाहायला हवं होतं. ते न करता वहीच्या रकान्यात मी प्रत्येक ओळीत सकाळचाच आकडा लिहीत गेले.

रेघ वाकली, पण इतरांनी नोंदवलेल्या तापमानापेक्षा बरीच वर. माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख दोनदा पाहिला. "हे नवीन आहे," ते म्हणाले. त्यांनी विज्ञान परिषदेला शोधनिबंध पाठवला, दोघांच्या नावानं. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. मी कप तसाच ठेवून वही मिटली.

पुढच्या रविवारी लातूरला गेले. वडील टँकरच्या याद्या करून करून थकले होते. जेवताना त्यांनी विचारलं, "माय, तू नेमकं काय करायलीस तिथं?"

मी सगळं सांगितलं, माठाचंही. ते घास हातात धरून थांबले.

"आपला माठ तर सकाळी भरताना कोमट असतो. दुपारी वारं सुटलं की गार पडतो. तुमचा न्हाई पडत?"

"पडतो, बाबा."

"मग लिव्हलं का तसं?"

"नाही," मी म्हणाले. त्यांनी ताटाबाहेर थेंब न सांडता हात धुतले आणि यादी पुढं ओढली.

सोमवारी पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं आणि सरांसमोर वही उघडली. "सर, या रकान्यातले आकडे मी मोजलेले नाहीत. माठ दुपारी गार पडत होता आणि मी सकाळचाच आकडा धरला, म्हणून गोळी होती त्यापेक्षा जास्त तापलेली दिसली." त्यांनी त्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तुझी वही न पाहताच निबंधावर सही केली." त्यांनी माझ्यासमोर परिषदेला पत्र लिहून निबंध परत मागवला. पुढचे दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पाऊस झाल्यावर बर्फ मिळू लागला. सगळी मोजमापं पहिल्यापासून केली. रेघ इतरांना सापडली होती तिथंच वाकली. नवं काही हाती लागलं नाही. शिष्यवृत्ती संपली होती, म्हणून अहमदपूरला शाळेत शिकवत, सुट्टीत नांदेडला येत प्रबंध पुरा केला. पदवी मिळाली, पुढंही सुट्ट्यांत मी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करत राहिले, पण सर निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक आकड्यापुढं पेन्सिलीनं खूण केल्याशिवाय पान उलटत नसत. मला त्यांचा राग कधी आला नाही. ते खूण करत असताना समोर बसून राहणं मात्र फार जड जायचं.