वेगळी गंजी

सेलूच्या ज्या जिनिंगमध्ये मी कापसाची प्रत बघायला बसते, तिथे तीन पिढ्या एकच धंदा चालत आला. फाटकातून येईल तो कापूस घ्यायचा, अंगणातल्या एकाच गंजीवर ओतायचा, सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या आणि व्यापारी येईल तेव्हा विकायच्या. गंजी म्हणजे कापसाचा डोंगर. एकदा त्यात पडला की कुणाचा कापूस कुठला, हे देवालाही सांगता येणार नाही. धंदा बरा चालला होता आणि त्यावरून कुणाचं पोट दुखत नव्हतं.

मग थोरल्या मालकांचे पुतणे पुण्याहून शिकून आले. त्यांना आम्ही धाकटे मालक म्हणू लागलो. त्यांनी आल्या आल्या वजनकाट्याशेजारची खोली रिकामी करून तिला काच लावली, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आम्हाला समोर उभं करून सांगितलं, की कंपनी म्हातारी झालीय, आता स्टार्टअपसारखं वागायचं. लहान करून बघायचं, चुकायचंच असेल तर लवकर चुकायचं. मी पदराआड हसले होते. पण पुढची कल्पना ऐकली आणि हसू जिरलं. कल्पना खरोखर चांगली होती. हे मी आजही कबूल करते, म्हणून तर राग जास्त येतो.

एका गावाशी हंगामाआधीच बोलायचं. त्यांनी कापूस स्वच्छ वेचायचा. आम्ही त्याची वेगळी गंजी लावायची, यंत्र झाडून तेवढ्याच कापसाची सरकी वेगळी काढायची, गाठीवर त्या गावाचं नाव घालायचं आणि व्यापाऱ्याला मध्ये न घेता थेट सूतगिरणीला द्यायचं. गाव कोणतं घ्यायचं हे ठरवायची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं माहेर झरीच्या पुढे आहे आणि तिथे अजून सावड टिकून आहे.

सावड म्हणजे आज सगळ्याजणी माझ्या रानात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, हाताच्या बदल्यात हात. आमच्या वाडीवरच्या सावडीत माझ्या वहिनीचा शब्द चालायचा. तिनेच बायकांना गोळा केलं आणि मी नियम सांगितले. दव वाळल्याशिवाय वेचणीला उतरायचं नाही. किडकं, पिवळं बोंड ओटीत घ्यायचं नाही. केस कापसात जाऊ नयेत म्हणून डोक्याला फडकं बांधायचं. प्लास्टिकच्या पोत्यात भरायचं नाही, त्याचा धागा रुईत शिरला की पार कापडापर्यंत जातो.

"कापूस येचायचाय का देव पुजायचाय?" एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"माजी ननंद तिथं हाय," वहिनी म्हणाली. "आपला कापूस येगळा राहील. ही माजी जबान हाय."

त्या हंगामात मी माहेरी गेले की रानभर रंगीबेरंगी फडकी दिसायची. जुनी लुगडी फाडून त्यांची गाठोडी शिवली होती. काम हळू व्हायचं, ऊन डोक्यावर यायचं, पण कुणी कुरकुर केली नाही. आपल्या गावाचं नाव गाठीवर बसणार याचं त्यांना लय अप्रूप होतं. मलाही होतं.

टेम्पो आला तो दिवस मी विसरणार नाही. असा पांढरा कापूस मी आमच्या अंगणात कधी पाहिला नव्हता. मी कोपरा झाडून, ताडपत्री अंथरून ठेवली होती. तेवढ्यात थोरले मालक आले. यंत्र मोठ्या गंजीवर चालू होतं. ते म्हणाले, "एवढ्या मूठभर कापसासाठी म्या चालू यंत्र थांबवू? डोकं फिरलं काय तुमचं?" मी धावत काचेच्या खोलीत गेले. धाकट्या मालकांनी बाहेर बघितलं, काकांचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "यंदा असू द्या. पुढच्या वर्षी बघू." लोडरने दोन फेऱ्यांत सगळं मोठ्या गंजीवर लोटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

नव्याने धंदा मांडणाऱ्याला परत जायला जुनी गंजी नसते. फसला तर तो उघड्यावर येतो, म्हणून दिलेला शब्द जिवापाड सांभाळतो. आमच्या मालकांना चुकायची हौस होती, पण चुकीचा चटका दुसऱ्याच्या हाताला बसेल अशी सोय करून.

इथवरच असतं तर मी गिळलं असतं. पण गावाच्या नावाच्या चिठ्ठ्या छापून आल्या होत्या आणि सूतगिरणीला शब्द दिलेला होता. त्या चिठ्ठ्या मोठ्या गंजीच्या गाठींवर चिकटवल्या. मी नको म्हटलं तर मला प्रत बघायच्या टेबलावर परत पाठवलं. गिरणीने गाठी फोडल्या. आत प्लास्टिकचे धागे, पाचोळा, गुटख्याच्या पुडीचा तुकडा. त्यांनी स्पष्ट कळवलं, या गावाचा माल पुन्हा नको.

धाकट्या मालकांनी गावात येऊन बैठक घेतली. कापसाला चार पैसे जास्त दिले होते, त्यामुळे त्यांची मान ताठ होती. म्हणाले, प्रयोगातून शिकायला मिळालं, वेचणीत शिस्त कमी पडली. समोर बसलेल्या बायकांच्या डोक्याला अजून फडकी होती, त्या रानातून थेट आल्या होत्या. मी उभी राहून सगळं सांगितलं, गंजीचं, चिठ्ठ्यांचं. धाकटे मालक मोबाईल बघत राहिले. कुणीच मला काही विचारलं नाही. सगळ्या वहिनीकडे बघत होत्या.

नोकरी मी सोडली नाही. सोडून जाऊ कुठे? काचेच्या खोलीत आता जुनी पोती ठेवतात.

यंदा दिवाळीनंतर माहेरी गेले तर वहिनी रानात एकटीच वेचत होती. पलीकडच्या रानात सावड हसत-बोलत चालली होती. तिला बोलावणं येत नव्हतं आणि तिने बोलावलं तर कुणी येत नव्हतं. फडकं मात्र तिने बांधलेलं होतं. मी पदर खोचला आणि शेजारच्या ओळीत उतरले.

वहिनीने माझा हात धरला. रागावून नाही, अगदी हळू.

"र्‍हाऊ द्या ताई. तुमी आज येचाल, मग तुमची सावड म्या कुठं फेडू? तुमच्या त्या गंजीवर?"

मी ओळीतून बाहेर आले आणि बांधावर बसून राहिले. ती वेचत पुढे गेली.