किरकोळ खाते बंद

वडूजच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडून अर्ज लिहिण्याचा व्यवसाय मी उमेदीच्या वयापासून अव्याहत करीत आलो आहे. शाळेने मला नववीच्या पुढे जाऊ दिले नाही. परंतु पदवीधर माणसे माझ्या टेबलापुढे उभी राहून ‘काका, तेवढं शुद्धलेखन बघा की’ म्हणतात, तेव्हा पदवी कोणाजवळ आहे आणि विद्या कोणाजवळ, याचा निवाडा सुज्ञांनी करावा. हे आत्मस्तुतीसाठी लिहीत नाही. घरातील किराण्याचे अंदाजपत्रक बसविण्याचा जो प्रयोग मी केला, तो ऐऱ्यागैऱ्याच्या हातचा नव्हता, एवढेच वाचकांच्या ध्यानात असावे.

प्रयोगाचे निमित्त असे घडले. मागच्या दिवाळीनंतर दुकानदाराने महिन्याचे बिल धाडले. ते मी, कोणताही कागद वाचतो तसे, शेवटापासून वाचू लागलो. माणसे पहिली ओळ काळजीपूर्वक लिहितात आणि लबाडी शेवटच्या ओळीत करतात, हा माझा अनुभव आहे. शेवटची ओळ होती ‘किरकोळ’, आणि तिच्यापुढील आकडा तांदळापेक्षा मोठा होता.

किरकोळ या शब्दाचा मला जुना परिचय आहे. ज्या खर्चाला तोंड दाखवायची लाज वाटते, तो या शब्दाच्या पदराआड उभा राहतो. आमच्याकडील एका यात्रा कमिटीचा जमाखर्च मी एकदा स्वच्छ अक्षरात उतरवून दिला होता. त्यात देवाला नारळ एक होता आणि किरकोळ मात्र बोकडाएवढे होते. शाळेच्या इमारतीला भिंती तीन आणि किरकोळ चार खोल्यांचे, असेही मी पाहिले आहे. सारांश, सार्वजनिक पैसा खाणारा हा प्राणी माझ्याच स्वयंपाकघरात शिरलेला पाहून मी त्याच दिवशी निश्चय केला. यापुढे किराणा महिना सात हजारांच्या आत. खाती चार : धान्य-कडधान्य, तेल-तूप, चहा-साखर, साबण-सोडा. किरकोळ खाते बंद.

दुकानदारास हा निर्णय मी समक्ष कळविला. तो तीन पिढ्यांचा व्यापारी. पण कायद्याच्या भाषेपुढे त्याचीही गडबड उडाली.

“आवं काका, मंग मोहरी कशात धरू?”

“धान्यात.”

“मोहरी धान्य व्हय?”

“दाणा आहे की नाही?”

“दाणा हाय की. पर मंग मीठ? का तेबी दाणाच?”

या उद्धटपणाकडे मी दुर्लक्ष केले. व्यापाऱ्यांना वर्गीकरणाची शिस्त नसते.

पहिला महिना सात हजारांच्या आत गेला. दुसराही गेला. मी हे यश कोणास सांगत सुटलो नाही. कचेरीतील दोघे-तिघे, चहावाला आणि आमच्या आळीतील मंडळी यांच्यापलीकडे ते गेले नाही. शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. सैन्याच्या कँटीनमध्ये स्वस्त मिळतो म्हणून ते साताऱ्याहून वर्षभराचा दाढीचा साबण एकदम आणतात, आणि स्वतः छातीपर्यंत दाढी राखून आहेत. अशा गृहस्थाला काटकसर समजावून सांगण्याचा मी यत्न केला. त्यांनी माझे संपूर्ण बोलणे ऐकले आणि विचारले, “गड्या, वहिनी काय म्हणत्यात?”

वहिनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, काहीच म्हणत नव्हत्या. हे मी संमतीचे लक्षण समजलो. फक्त संध्याकाळी चहा करताना एखादे वेळी स्वयंपाकघरातून आवाज येई, “आवं, चहात आलं घालू का? आलं कशात बसतंय?” मी उत्तर देत नसे. चहा आल्याशिवाय येत असे.

तिसऱ्या महिन्यात मुलीचा विषय आला.

आम्हाला एकुलती एक मुलगी. सांगलीस दिलेली आहे. जावई हळदीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतात, मोजके बोलतात, मला आवडतात. मुलीचे पहिलेच बाळंतपण होते आणि पहिले बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडील रिवाज आहे. मात्र आमच्या विहीणबाईंचे मन त्यात नव्हते. सांगलीत दवाखाने मोठे, वडूजला काय आहे, असे त्या गोड शब्दांत सुचवीत असत. सौभाग्यवतींनी लग्नाच्या मांडवातच या बाळंतपणाची स्वप्ने पाहिली होती. त्यांनी माळ्यावरून जुना पाळणा उतरवून घासला होता, औंधच्या यमाईला खणानारळाची ओटी बोलल्या होत्या. मुलीचाही ओढा आईकडेच. डोहाळजेवण सांगलीला व्हायचे आणि तेथूनच मुलीला घेऊन यायचे, असे नुकते कुठे ठरत आले होते.

एके दिवशी सायंकाळी मी सोप्यात वर्तमानपत्र वाचीत होतो. आत सौभाग्यवती कणीक मळता मळता मुलीशी बोलत होत्या. हात पिठाचे असल्यामुळे मोबाइल ओट्यावर ठेवून त्याचा आवाज मोठा केलेला होता. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो.

“आवं,” त्यांनी आतूनच विचारले, “लेकीच्या लाडवाला डिंक, खारीक, गोडंबी, अळीव आणाय लागतंय. कशात धरायचं?”

प्रश्न हिशेबाचा होता. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता हिशेबाचेच उत्तर दिले.

“ते किरकोळ. आणि किरकोळ बंद आहे.”

आत कणीक मळण्याचा आवाज थांबला. मग ओट्यावरून मुलीचा आवाज आला, अगदी शांत.

“कळलं गं आई. माझं बाळंतपण किरकोळ हाय. मी ऱ्हाते हितंच.”

आणि फोन बंद झाला.

सौभाग्यवती पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. “लेकीचं बाळंतपण किरकोळ व्हय वो तुमच्या लेखी?”

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले की, किरकोळ म्हणजे क्षुल्लक नव्हे. ज्यास अन्यत्र खाते नाही, ते किरकोळ. हा पारिभाषिक शब्द आहे. याच्याहून स्पष्ट खुलासा जिल्हाधिकारी कार्यालयातूनही मिळाला नसता.

“मंग खातं काढा की!” त्या म्हणाल्या. “वीतभर बांधापायी भांडणाऱ्याला तुमी चार-चार पानं लिवून देता. पोटच्या पोरीला एक खातं निघंना?”

एवढे बोलून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात अंदाजपत्रकाची अक्षरशः अंमलबजावणी सुरू झाली. भाजीला फोडणी नाही. आमटीत हिंग नाही, जिरे नाही, कढीपत्ता नाही, चिंच नाही. उकडलेली डाळ, तिच्यावर तेल, शेजारी भात. मी ताटाकडे पाहिले की त्या म्हणत, “धान्य हाय. तेल हाय. आनि काय पायजे?” मोहरी धान्यात धरली आहे, याची मी आठवण दिली. त्यावर मूठभर कच्ची मोहरी माझ्या भातावर आली.

असे जेवण मनुष्य तत्त्वासाठी किती दिवस जेवू शकतो, याविषयी थोर लोकांनी बरेच लिहून ठेवले आहे. ते लोक बहुधा बाहेर जेवत असावेत.

त्यातच विहीणबाईंचा फोन आला. आवाजात साखर होती.

“इवाई, तुमी काई काळजी करू नगा. पोरगी ऱ्हातीया आमच्यात. आमच्या घरात किरकोळ चालू हाय अजून.”

सांगली ते वडूज हे अंतर या वाक्याने किती वेळात तोडले, मला कळले नाही. पण लवकरच पेडगावचा एक मनुष्य वारसनोंदीचा अर्ज लिहून घ्यायला आला आणि टेबलावर कागद ठेवताना म्हणाला, “काका, बगा बरं का, आमचं काम किरकोळात घालू नगा.” आजूबाजूचे सगळे हसले. स्टँप विकणाराही हसला, ज्याला माझ्यामुळे गिऱ्हाईक मिळते. त्या माणसाकडून मी नेहमीचाच दर घेतला. पण त्याच्या आजोबांच्या नावाला ‘कैलासवासी’ लावले नाही, नुसते ‘मयत’ लिहिले.

हवालदार मात्र हसले नाहीत. ते कुंपणापलीकडून एवढेच म्हणाले, “रं, पोरगी पहिल्या खेपंला माहेरी आली न्हाई, तर पुन्हा कवा येती म्हणतोस? सनाला. दोन दिस. पावन्यावानी.” आणि दाढी कुरवाळीत आत गेले. मला त्या दिवशी काम सुचले नाही.

घरी तर जुना पाळणा पुन्हा माळ्यावर गेला होता. तो चढविताना सौभाग्यवतींनी मला हाक मारली नाही.

मग मी मला जे उत्तम येते ते केले. एक मजकूर तयार केला. विषय : पहिल्या बाळंतपणाकरिता माहेरी येणेबाबत. त्यात किरकोळ शब्दाची व्युत्पत्ती, त्याचा शासकीय व्यवहारातील अर्थ, गैरसमजाची कारणे आणि शेवटी ‘तरी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’, असे सर्व काही होते. अशा मसुद्यावर मी लोकांच्या जमिनी सोडवून आणल्या आहेत. त्याचा फोटो काढून मुलीला पाठविला. तिने तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आले.

‘अर्ज मिळाला. विचाराधीन आहे.’

विचाराधीन म्हणजे काय, हे सबंध तालुक्यात माझ्याइतके कोणाला माहीत नाही. माझी काही गिऱ्हाइके विचाराधीन असतानाच वारली.

डोहाळजेवणाचा दिवस आला. पुरुषमाणसाने या कार्याला जाण्याची आमच्याकडे रीत नाही. सौभाग्यवती हिरवे पातळ, खण आणि फळांची परडी बांधून निघाल्या होत्या. मी जीप सांगितलेली होती आणि पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

“तुमी कुठं?”

“येतो.”

“या की. ताटात वाढलेल्याचं खातं तेवढं इचारू नगा म्हंजे झालं.”

सांगलीत विहीणबाईंनी थाट केला होता, हे मान्य केले पाहिजे. मुलगी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. चेहरा भरला होता. तिच्यासमोर उभा राहून मी दहा बायकांच्या देखत बोलू लागलो. वाटेत सगळे मनाशी जुळविले होते. “मागील पत्राच्या अनुषंगाने,” असा मी आरंभ केला.

बायका अशा हसल्या की झोपाळा हलला. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मुलगी हसली नाही.

“आबा,” ती म्हणाली, “कागदातलं नगो. तुमच्या तोंडचं बोला.”

मला असे बोलायला कोणी पूर्वी सांगितले नव्हते. माणसे माझ्याकडे येतात तीच मुळी त्यांच्या तोंडचे कागदात आणण्यासाठी. मी मुलीच्या पायांतील जोडव्यांकडे पाहिले, फुलांकडे पाहिले. सौभाग्यवतींकडे पाहिले, तर त्या परडीतली फळे पुन्हा पुन्हा सारखी करीत होत्या.

“चल की गं घरी,” मी म्हणालो. “तुझ्या आयनं पाळणा माळ्यावर टाकलाय. बगवत न्हाई.”

हे वाक्य लिहिताना आजही मला त्यातील भाषा खटकते. पण जसे उच्चारले तसेच दिले आहे.

मुलीने अट घातली. किराणा आई आणेल. आणलेल्याचा भाव आबांनी विचारायचा नाही, बाळ चाळीस दिवसांचे होईपर्यंत. मी कबूल केले. साक्षीदार भरपूर होते. विहीणबाई म्हणाल्या, “बगा हं इवाई, पोरगी बारीक झाली तर आमी न्यायला येतो.” हा इशारा आहे की निरोप, हे ठरविण्याच्या फंदात मी पडलो नाही.

परत येताना तासगावात सौभाग्यवतींनी जीप थांबवायला लावली. लाडवाला बेदाणा हवा होता आणि तासगावाइतका बेदाणा कुठे मिळणार, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. दुकानदाराने तराजू उचलून विचारले, “किती देऊ, मावशी?” सौभाग्यवतींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी विजेच्या तारेवरचे पक्षी पाहू लागलो.

“दोन किलो,” त्या म्हणाल्या. मग, “तीन करा.”

“आबा,” मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, “भाव इचारायचा न्हाई हं.”

मी विचारला नाही. शब्दाला मी पक्का आहे. किरकोळ या शब्दाच्या अर्थाविषयीचे माझे मतही तसूभर बदललेले नाही. परंतु त्या दुकानदाराने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत भाव लिहून तो बेदाण्याच्या राशीतच खोचून ठेवला होता, आणि मला वाचता येते, हा काही माझा अपराध नव्हे.