कमलचा हात कुणाकडे गेला

मंगळवारी सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या मुलीला तपासलं आणि मला सांगितलं की या आजाराला कोरिया म्हणतात. कमल तेव्हा अकरा वर्षांची होती.

त्यांनी आपली दोन बोटं तिच्यापुढे धरली. "घट्ट धर, सोडू नकोस." तिने धरली. पकड सुटली, पुन्हा आली, पुन्हा सुटली. डॉक्टर म्हणाले, "गाईची धार काढताना मूठ आवळते आणि सैल होते, तशी ही पकड आहे. ही या आजाराची खूण." मग जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ बाहेर ठरेना, आत पळायची. शेवटी त्यांनी छातीला नळी लावली, आणि ती फार वेळ काढली नाही.

ज्यांच्या घरात असं मूल असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं लिहिणं सावकाश होतं, तेवढं सांभाळून घ्यावं.

कोरिया म्हणजे काय, ते डॉक्टरांनी मला समजावलं तसं सांगतो. आधी घसा दुखतो. मग ताप येतो, गुडघे, घोटे सुजतात. त्या तापाला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, म्हणजे सांध्यांना धरणारा ताप. तो उतरतो आणि घरचे विसरून जातात. पुढे काही महिन्यांनी हातपाय आपोआप हलू लागतात. तोंड वेडंवाकडं होतं, हातातलं भांडं पडतं, अक्षर बिघडतं. मूल झोपलं की सगळं थांबतं. मूल ते मुद्दाम करत नसतं. कमलला मात्र शाळेत तोंडं वेंगाडते म्हणून पट्टी बसली होती आणि घरात तांब्या पाडला म्हणून बोलणी बसली होती.

"मूळ शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ नाच," डॉक्टर म्हणाले. "युरोपात याला एका संताचा नाच म्हणत. असे रोगी त्या संताच्या देवळापुढे नेत आणि बरं कर म्हणून साकडं घालत. आमच्या पुस्तकात अजून त्या संताचं नाव आहे. तेव्हा मास्तर, तुमच्या गावाला एकट्याला हसू नका."

मी हसत नव्हतो. पण गावात काय झालं ते मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

कमलची आई ती लहान असतानाच गेली. मी सांगलीत हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि खोलीवर राहायचो. कमल विट्याच्या पुढे आमच्या गावी, माझ्या थोरल्या बहिणीजवळ वाढली. तिला मी आक्का म्हणतो. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली. तिला मूलबाळ नाही. कमलला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेत धाडणं हाच तिचा दिवस होता.

कमलचे हात हलू लागले तेव्हा माझे चुलते तात्या यांनी देवऋषी बोलावला. आधी वाटलं अंगात देव येतो. पण देव आपल्या वाराला येतो, वाजवल्यावर येतो, विचारलं तर बोलतो. हा रोज होता, सकाळ-दुपार होता, आणि बोलत नव्हता. देवऋषी म्हणाला, हा देव नाही, ही करणी आहे. कुणाची, ते मूलच सांगेल.

त्याने घरच्या आणि भावकीतल्या बायका अंगणात गोल बसवल्या. मध्ये कमल. ऊद जाळला, तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाला, "दाव बोट. कुणी केलं, तिच्याकडं बोट दाव."

कमलचा उजवा हात उडाला. तो दिवसभर उडतच होता. या वेळी तो आक्काच्या दिशेने गेला.

तात्यांचा निरोप आल्यावर मी गावी गेलो, तेव्हा हे मला त्यांनीच सांगितलं. कुणी आक्काला मारलं नाही, शिवी दिली नाही. ती आपणच उठली, आपली वाकळ घेतली आणि मळ्यातल्या खोपटात राहायला गेली. तेव्हापासून ती घरात आली नव्हती.

मी कमलला सांगलीला आणली. तेव्हा महायुद्ध चालू होतं, पेट्रोल मिळत नव्हतं. मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. कमलला उतरवता येईना. कंडक्टर म्हणाला, "पोरीला बसू द्या, तुमी ढकला मास्तर." मी ढकलली.

डॉक्टरांचं औषध दोन शब्दांचं होतं: सॅलिसिलेट आणि विश्रांती. सॅलिसिलेट म्हणजे सांध्यांच्या तापावरची पूड. विश्रांती म्हणजे खरोखरची. खाटेवरून उतरायचं नाही, रडायचं नाही, घाबरायचं नाही. घाबरलं की हात जास्त हलतात. कमलच्या अंगाला लागू नये म्हणून खाटेच्या कडांना उशा बांधल्या.

पण कमल रडायची. "आत्या कवा येनार?" एवढंच विचारायची. जीभ जड झाली होती, शब्द अर्धे यायचे. मी सांगायचो, येईल. रडली की हात उशांवर आपटायचे. डॉक्टर म्हणाले, "त्या आत्यांना आणा. ते औषध माझ्याकडे नाही."

मी गावी गेलो. आक्का खोपटापुढे शेंगा फोडत बसली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. मेंदूत सूज आहे, हात तिच्या हुकमात नाही, तो आपोआप हलतो.

"मग देव तरी काय तिला इचारून हालवतो व्हय?" आक्का म्हणाली. "हात तिनं हालवला न्हाई, ह्ये तर मी बी म्हंती. म्हनूनच तर खरं."

"आक्का, तो कुणाकडे तरी जाणारच होता. तुम्ही सगळ्या गोल बसल्या होता."

"गोलात मायंदळ बायका हुत्या. माझ्याकडंच आला."

मीही तिच्यासमोर बसून शेंगा फोडू लागलो.

मग ती खाली बघत म्हणाली, "मी काय केलं न्हाई रं. लिंबू न्हाई, भावली न्हाई. पन न्हाऊ घालताना मी तिच्याकडं बघत बसायची. मनात यायचं, ही माझ्या पोटची असती तर. तुझी बायकू गेल्यावर तर लयच. असलं मनात येनं म्हंजी नदरच की. न करता बी लागती नदर. आता मी तिथं येऊन तिला आनखी बघू?"

ती येईना. मी एकटा परत आलो.

वॉर्डात कमलच्या शेजारच्या खाटेवर मिरजेच्या रहिमतबी होत्या. वयाने साठीच्या, पाय मोडलेला, बोलायला अखंड तयार. त्यांच्या दंडाला ताईत होता. पलीकडच्या जैन बाईंच्या उशाखाली मंत्र कोरलेला तांब्याचा पत्रा होता, डॉक्टर येताना त्या तो झाकायच्या. नर्स मलबारकडची ख्रिस्ती होती. ती येशूची प्रार्थना करायची, पण तिची आजी चर्चहून आल्यावर मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची, हे तिनेच हसत सांगितलं. आपल्याकडेही तेच. देव चार, पण डोक्याभोवती फिरणारा हात एकच, असं मला त्या दिवसांत वाटू लागलं.

वेळ जाईना म्हणून मी विचारत सुटलो. मला सीमारेषा हवी होती: धर्म कुठे संपतो आणि जादूटोणा कुठे सुरू होतो? मी मनाशी ठरवलं होतं की देवाकडे मागणं म्हणजे धर्म आणि त्याला हुकूम सोडणं म्हणजे जादू. रहिमतबींना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी देवाला नवस बोलता, पोरगं दे मग नारळ देतो. ह्ये मागनं हाय का सौदा?"

जैन बाई तोंडाला पदर लावून हसल्या. माझी सीमारेषा तिथेच पुसली गेली.

कमल जिच्यासाठी रडते ती आत्या कुठे आहे, हे मग रहिमतबींनीच विचारलं. मी सगळं सांगितलं. रहिमतबींनी डोळे मिटून ऐकलं.

"तुमचा देवरुशी अर्धवट दिसतोय," त्या म्हणाल्या. "आमच्यात बी हाय की नजर. मायेच्या मान्साची बी लागती, आईची बी लागती. त्यात पाप न्हाई. पन ज्याची लागली, त्यानंच उतरवायची. त्यानं हात-तोंड धुवायचं आन ते पानी आजारी मान्सावर घालायचं. दुसऱ्यानं केलं तर उपेग न्हाई. तुमच्या भैनीला सांगा, ती आली न्हाई तर पोरीची नजर उतरनार कशी?"

माझ्या एवढ्या समजावण्यात जे नव्हतं ते या चार वाक्यांत होतं. आक्का म्हणत होती तसं सगळं खरं धरलं, तरी तिने यायलाच हवं होतं.

हे सांगावं की नाही, यावर मी विचार केला. आक्काचा दोष खरा मानून तिला बोलवायचं होतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मला आत्या हव्यात. त्या कोणत्या वाटेने येतात ते तुम्ही बघा. फक्त पाणी उकळून घ्या, आणि कोमट असू दे. मुलीला सर्दी झाली तर मी तुम्हाला वॉर्डात येऊ देणार नाही."

मी पुन्हा गावी गेलो आणि रहिमतबींचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. आक्काने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"मुसलमानाची बाई म्हनली?"

"हो."

"त्यांच्यात बी लागती व्हय नदर?" तिने हातावरची फोलं झटकली. "आन मायेच्या मान्साची लागती म्हनली?"

"आईचीही लागते म्हणाल्या."

ती उठली आणि पातळ बदलायला आत गेली.

दवाखान्यात नर्सने पांढऱ्या घमेल्यात पाणी आणलं. आक्काने कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, गुळण्याही करणार होती, रहिमतबींनी पलंगावरून ओरडून तिला थांबवलं. मग तिने ओंजळीने ते पाणी कमलच्या डोक्यावर घातलं. ती कमलच्या तोंडाकडे बघत नव्हती. डोळे मिटूनच घालत होती.

"आत्ये, डोळ्यात गेलं की गं," कमल म्हणाली.

आक्काने डोळे उघडले.

त्यानंतर ती वॉर्डातच राहिली. कमलचं रडणं थांबलं. हात लगेच थांबले नाहीत. आधी जेवताना घास तोंडापर्यंत नीट जाऊ लागला, मग बोलणं सुटं झालं, मग एक दिवस तिने पाटीवर आपलं नाव लिहिलं आणि ते वाचता आलं. यात काही महिने गेले. मी डॉक्टरांना विचारलं, कशाने बरी झाली? ते म्हणाले, "हा आजार बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप उतरतो. पण आत्या येईपर्यंत तिला विश्रांती नव्हती. पाण्याबद्दल मला विचारू नका, मी ते फक्त उकळायला सांगितलं होतं."

घरी सोडताना त्यांनी मला बाहेर नेलं. कमलच्या मायट्रल व्हॉल्व्हला, म्हणजे हृदयातल्या एका झडपेला, त्याच तापाने इजा झाली होती. झडप नीट उघडत नाही, रक्त अडतं. त्यावर औषध नव्हतं. पळू देऊ नका, घसा सांभाळा, एवढंच.

गावात निराळंच झालं. तात्या म्हणाले, "बघ, जिनं धरलं तिनंच सोडलं." आक्काचा दोष पक्का झाला आणि त्याच कारणाने तिचा मानही वाढला. बायका तांब्या घेऊन दारात येऊ लागल्या. माझं पोरगं दूध टाकतंय, माझी म्हैस आटली, जरा हात धुवा की आक्का. जिच्यासमोर पोर आणायला काही महिन्यांपूर्वी भीत होत्या, तिच्याच पायाशी पोर ठेवू लागल्या. मी पुस्तकांत वाचलं होतं की युरोपात चेटकीण म्हणून जाळलेल्या बायकांमध्ये सुईणी आणि वैदू बायकाही होत्या. तेव्हा ते मला चमत्कारिक वाटलं होतं. आता आमच्या अंगणात मी ते उलट्या बाजूने घडताना बघत होतो. ज्या हातात मारायची ताकद आहे असं वाटतं, तारायची ताकद लोक त्याच हातात शोधतात.

आक्का मला म्हणाली, "मला हितनं ने. मला देवी बी व्हायचं न्हाई आन चेटकी बी."

मी दोघींना सांगलीला आणलं. कमल शाळेत जाऊ लागली. जिना चढताना मध्ये थांबायची आणि कुणी बघितलं तर खिडकीतून बाहेर बघते आहे असं दाखवायची. अशी चार वर्षं गेली. पंधराव्या वर्षी तिला दम लागू लागला, पाय सुजले. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याच दवाखान्यात ती वारली.

तात्या गावाहून आले. या वेळी कुणी देवऋषीचं नाव काढलं नाही. दिवसकार्य झाल्यावर आक्काने मला विचारलं, "डाक्टर काय म्हनला हुता? पैल्यांदा घसाच दुखला हुता ना?"

"हो."

"तवा मी तिला हळदीचं दूध दिलं आन शाळंत धाडलं. कुनाला तरी ठावं असतं तर?"

"त्या वेळी दाखवलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं, आक्का."

"कदाचित म्हनलास. देवरुशी कदाचित म्हनला न्हवता."

नजरेचा विषय तिने त्यानंतर काढला नाही. तिची ती समजूत गेली असं मी म्हणणार नाही. गल्लीत कुठल्या मुलाचा घसा धरला, गुडघे दुखू लागले, की ती त्याच्या आईला घेऊन दवाखान्यात जाते. निघताना मुलावरून मीठ-मोहरी उतरवते. मी तिला अडवत नाही.

मी धर्मांबद्दल अजून वाचतो. सीमारेषा मला सापडलेली नाही. घरात आता आक्का आणि मी, दोघं आहोत.