सीसीत साहेब, जत्रेत जगताप

तमाम जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे काम वेळेत झालं नाही तर जबाबदार मी. आणि ते काम ज्यांनी करायचं, त्यांच्यापैकी एकही माणूस माझ्या हाताखाली नाही.

शिरवळच्या आमच्या कारखान्यात त्या आठवड्यात एक मोल्ड अडला होता. मोल्ड म्हणजे प्लास्टिकचे पार्ट काढायचा साचा. इडलीचं पीठ ओघळून कडेला पापडी धरते ना, तशी आमच्या पार्टला धरत होती. मंगळवारी कस्टमर ट्रायल बघायला येणार होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मंगळवारी पापडी दिसली, तर हा प्रोजेक्ट जगतापकडे."

"जगताप डिस्पॅचला आहे, सर!"

"पण लोक त्याचं ऐकतात."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मोल्ड दुरुस्त करणार टूलरूम आणि टूलरूमचे प्रमुख आप्पा. मी रोज मेल टाकायचो. आप्पा रोज म्हणायचे, "बघतो की, सर." आणि हा जगताप, खिशात कंगवा बाळगणारा माणूस, जाता जाता नुसतं "आप्पा, तेवढं घ्या की," म्हणाला, की ग्राइंडर सुरू!

मी त्याचा अभ्यास केला. तो आप्पांच्या खांद्यावर हात ठेवतो. मीही ठेवला. आप्पांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चक्कर येतीया का, सर? बसा."

शनिवारी कळलं की टूलरूम दोन दिवस बंद. आप्पा आणि त्यांचे तिन्ही फिटर तासगावजवळच्या एकाच गावचे, आणि गावात जत्रा. रविवारी मटण, सोमवारी कुस्त्या. माझ्या शेड्यूलमध्ये दिवाळी होती, गणपती होते; ही जत्रा नव्हती. जगतापला मात्र आमंत्रण!

"तुलाबी होतं की, गड्या," जगताप म्हणाला. "आप्पा दरवर्षी सगळ्यांना बोलावतात. तू 'बघतो' म्हणतोस."

खरं सांगतो, मोल्डसाठी नाही, तो एकटाच जाणार हे बघवेना म्हणून रविवारी मी त्याच्या गाडीत बसलो.

"आवं सर, तुमी?" म्हणत आप्पांनी स्वतः रस्सा वाढला. जगताप पोटभर जेवला आणि बेदाण्याच्या शेडच्या सावलीत आडवा झाला. मला मात्र त्याच्यापेक्षा चार अंगुळं वर जायचं होतं. तिन्ही फिटरांनी बोलावलं. जत्रेत एकाकडे जेवून दुसऱ्याच्या दारावरून तसंच पुढं जाणं म्हणजे अपमान. मी तिन्ही घरी मांडी घातली. चौथ्या ताटापाशी माझा जीव रश्श्यावर तरंगत होता. मोल्डचं नाव मी काढलं नाही. तोंड मोकळं होतंच कुठं?

निघताना आप्पांनीच विषय काढला.

"सर, एक बोलू? तुमच्या मेलात दर खेपेला साहेबास्नी सीसी." सीसी म्हणजे मेलची प्रत तिसऱ्यालाही धाडणं. "भाजीत मीठ जास्त झालं म्हणून जावयानं थेट सासऱ्याला फोन लावावा, तसं हाय ते. मग बायको दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालंल व्हय?"

जगताप खो खो हसला. हसतोही छान, मेला.

"मंगळवारी दावायचंय न्हवं?" आप्पा म्हणाले. "उद्या येतो आमी चौघं."

"आणि कुस्त्या?"

आप्पांनी कुस्तीच्या मैदानाकडे एकदा बघितलं. तिथं माती भिजवणं चाललं होतं.

"पुढल्या वर्षी बी हायतच की. तवा तुमी बी या."

सोमवारी चौघे आले. दिवसभर ग्राइंडर चालला. मंगळवारी पार्ट निघाला तो कडेनं साफ, गुळगुळीत. धडा कोरडाच आहे: ज्याच्यावर आपला अधिकार चालत नाही, त्याच्या दारात आधी जेवायला बसावं, आणि त्याची प्रत साहेबांना पाठवू नये.

कस्टमर खूश झाला. साहेबांनी शॉप फ्लोअरवर सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

"भर जत्रेतून माणसं उठवून आणली! शाब्बास, जगताप!"

जगतापनं विनयानं मान झुकवली. आणि कस्टमरच्या देखत, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, माझ्या तोंडून निघून गेलं,

"सर, तो एकाच घरी जेवलाय! चार घरी मी जेवलोय!"